सायक्लिन वाढलं म्हणजे कर्करोगच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा: एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात तो आजार) पेशींत सायक्लिन डी१ हे विभाजनाला चालना देणारं प्रथिन वाढलेलं आणि पी२७ हे विभाजन रोखणारं प्रथिन घटलेलं सापडतं, मग हा कर्करोगच, मी तो शब्द टाळते, आणि कर्करोगाची औषधं का वापरत नाहीत हेही विचारत नाही. शब्द टाळलेला नाही. तो इथे लागूच होत नाही.

सायक्लिन डी१ ही कर्करोगाची खूण नव्हे. ते सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाइमांना कामाला लावतं, ती दोन्ही पेशीला अडवून धरणाऱ्या आरबी प्रथिनावर फॉस्फेट चढवतात आणि पेशी डीएनएची नक्कल करायला घेते. पाळीनंतर गर्भाशयाचं निरोगी अस्तर पुन्हा उभं राहतं तेही असंच. त्या दिवसांतल्या नमुन्यात केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींत दिसणारं प्रथिन) भरपूर दिसतं, पाळी जवळ आली की ग्रंथींमध्ये जेमतेम. म्हणून नमुना चक्राच्या कुठल्या टप्प्यातला हे न सांगता कुणी 'वाढलं' म्हणालं, तर मी ते बाजूला ठेवते.

पी२७ मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हा विभाजनाचा ब्रेक, आणि अस्तरात तो लावायला मदत करतं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक. एंडोमेट्रिओसिसमध्ये प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक (पेशीतली त्याचा संदेश घेणारी प्रथिनं), विशेषतः पीआर-बी हा प्रकार, कमी झालेले असतात. संप्रेरक रक्तात असतं, पण पेशी त्याला दाद देत नाही. काही जणींना प्रोजेस्टिनच्या (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) गोळ्यांनी आराम पडत नाही, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

तुमच्या बाजूचा खरा पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, तो मीच देते. कर्करोग नसलेल्या स्त्रियांच्या खोलवरच्या एंडोमेट्रिओसिसमध्ये केरास आणि एआरआयडी१ए जनुकांतले बदल सापडल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१९ मध्ये ॲडेनोमायोसिस या गर्भाशयाच्या आजारातही केरासचे बदल दिसले. पण कर्करोगाचं निदान नुसत्या बदलावरून होत नाही. ॲडेनोमायोसिसमध्ये अस्तर स्नायूत शिरतं हे खरं, तरी ग्रंथींची ठेवण साधीच राहते आणि भोवती त्यांचा स्ट्रोमा (ग्रंथींना आधार देणारी ऊती) असतो. एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, पण वाढूनही तो आयुष्यभरात शंभरात दोघींपेक्षा कमी.

राहिलं औषध. पाल्बोसिक्लिबला अमेरिकेत २०१५ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते सीडीके४ आणि ६ रोखतं, पण अस्थिमज्जेतल्या पेशींनाही तीच प्रथिनं लागतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी उतरतात. एंडोमेट्रिओसिसचे उपचार पुष्कळदा वर्षानुवर्षं चालतात, आणि घेणाऱ्या बहुतेक जणी तरुण असतात.