डॉक्टर, आधी स्वतःला वाचवा

कुडाळात नाहीतर कणकवलीत नवा दवाखाना थाटताय ना? मग समोर येईल तो पेशंट नव्हे, उद्याचा तक्रारदार समजा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात बसवले. तेव्हापासून बाकावर खोकत बसलेले आजोबासुद्धा ग्राहक आहेत. २०१३ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात सुमारे ६ कोटींची भरपाई मंजूर झाली. तो आकडा टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवा, रोज दिसायला हवा.

पावसाळ्यात फुरसं चावलेला गडी येईल. खरं तर साध्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवलं की विषाने त्याचं गोठणं थांबलंय की नाही ते कळतं, आणि विषावरची लस फ्रीजमध्ये पडलेली असते. पण लसीची रिॲक्शन आली तर? १०८ बोलवा आणि चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी' असं सुवाच्य लिहा (एरवी तुमचं अक्षर कसंही असो). वाटेत काही झालंच तर ते हायवेच्या खात्यावर.

डोकं दुखतंय म्हणून वेंगुर्ल्याची मावशी आली, तर सीटी स्कॅन लिहा. रक्ताच्या झाडून सगळ्या तपासण्या लिहा. पैसे तिचे, काजू विकून आलेले. तुमचं काय जातंय?

भरपायांमुळेच देशाचा आरोग्यखर्च वाढतो असं कुणी म्हणालं, तर जोरात मान डोलवा. अमेरिकेचा २००८ चा अंदाज तोंडावर फेका: डॉक्टरांवरच्या दाव्यांच्या एकूण व्यवस्थेपायी ५,५६० कोटी डॉलर, म्हणजे आरोग्यखर्चाच्या २.४ टक्के. त्यातली प्रत्यक्ष भरपाई जेमतेम ५७० कोटी आणि खटल्याच्या धास्तीने केलेले उपचार ४,५६० कोटी, हे मात्र गजालीत काढू नका. टेक्सासचंही नाव नको. तिथे २००३ मध्ये वेदना आणि मानसिक त्रासाच्या भरपाईला मर्यादा घातली, दावे घटले, पण मेडिकेअरचा (म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) खर्च काही कमी झाला नाही. धास्ती गेली तरी लिहायला सरावलेला हात थांबत नसावा, असं आपलं माझं मत.

न्यूझीलंड तर मुळीच नको. तिथे १९७४ पासून चूक कुणाची हे न ठरवता सरकारी निधीतून भरपाई मिळते. त्या इजेच्या भरपाईसाठी डॉक्टरला कोर्टात खेचता येत नाही. असलं काही इथे आलं, तर डोकं कधीपासून दुखतंय हे त्या मावशीला विचारावं लागेल. आणि विचारलंत की ती सांगणारच: सून, वाया गेलेला आंब्याचा हंगाम, सुईत दोरा ओवता येत नाही, चष्मा गणपतीपासून फुटलेला.