‘300 रुपये घेऊन कच्ची जोडणी’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब. टीव्हीला इंटरनेट जोडून द्यायला सकाळी 11 ची वेळ दिली आणि माणूस दीडला आला, ही चूक आमची. माफी असावी.

पण ‘कच्ची जोडणी करून 300 रुपये लुबाडले, समुद्री चाच्यांचा पिक्चर पाऊण तासात बंद पडला’ असं आपण लिहिलंत, ते फार लागलं. लोक हे वाचूनच दुकानात यायचं का नाही ते ठरवतात. म्हणून हिशेब मांडतो.

आपण लावलेला ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा तिसरा भाग, 2007 चा, पावणेतीन तासांच्या वर आहे. फुल एचडीत तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे पूर्ण पिक्चरला 8 जीबी धरा. आपला टीव्ही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होता आणि पॅक रोजचा 2 जीबीचा. तो चाळीस मिनिटांत संपणारच. संपला की स्पीड 64 केबीपीएसवर येतो, मग नुसतं चक्र फिरत राहतं. यात जोडणी कुठं कच्ची आहे, सांगा.

हॉटस्पॉट का लावावा लागला? घर माळवदाचं, भिंत दोन फुटी दगडमातीची. राऊटर दाराजवळच्या ढाळजेत, टीव्ही आतल्या खोलीत. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय अशा भिंतीपलीकडं टिकत नाही, 2.4 गिगाहर्ट्झचं पोचतं पण अडखळतं. म्हणून राऊटरपासून टीव्हीपर्यंत 15 मीटर लॅन केबल (इंटरनेटची वायर) चौकटीवरून ओढू, असं आमच्या माणसानं सुचवलं होतं. ‘खिळा मारायचा नाही’ असं आपणच म्हणालात. घर आपलं, मान्य आहे. पण त्याचं खापर आमच्यावर का?

पाचवा भाग आम्ही ‘गायब’ केला, असंही आपण म्हणता. तसं काही केलेलं नाही. 2017 चा हा पिक्चर ‘डेड मेन टेल नो टेल्स’ आणि ‘सालाझार्स रिव्हेंज’ अशा दोन नावांनी आलाय. एका नावानं सापडला नाही तर दुसरं टाकून बघा.

पेन ड्राइव्हमध्ये पाचही भाग भरून द्यायला नाही म्हणालो, ते पुढंही नाहीच म्हणू. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63 : 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. शिवाय टेलिग्रामवरची जी फाइल आपण दाखवलीत, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं. पिक्चरच्या फाइलला ‘एमपी4’ किंवा ‘एमकेव्ही’ असतं. एपीके म्हणजे ॲप. परवानगी दिली तर ते बँकेचे ओटीपी वाचू शकतं. आधी ती डिलीट करा, हे कळकळीनं सांगतो.

वेळ चुकणार असेल तर आधी फोन करायचा, असं पोरांना बजावलंय. केबल ओढायचं ठरलं तर फक्त केबलचे पैसे द्या, मजुरी नको. तोवर ॲपमध्ये क्वालिटी कमी ठेवा आणि पिक्चर दोन दिवसांत बघा. आणि साहेब, उशिराबद्दल लिहिलंय ते राहू द्या, पण पॅक 2 जीबीचा होता एवढं तरी त्यात घाला.