फ्लेक्सवरचा कृष्ण आणि छतावरचा जेम्स

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. कुठल्यातरी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यात साहेब कृष्णाच्या वेशात, हातात सुदर्शन चक्र, मग निम्मे म्हणतात ही विटंबना आहे, निम्मे म्हणतात कार्यकर्त्यांचं प्रेम आहे, तुम्हाला का झोंबतं. मी मध्ये पडलो की ठरलेलं उत्तर, तू लंडनला बसून आम्हाला शिकवू नकोस.

बरं, मग लंडनचंच सांगतो. इथे व्हाइटहॉलला बँक्वेटिंग हाउस म्हणजे राजांचा जुना मेजवानीचा हॉल आहे, त्याच्या छतावर रूबेन्स या चित्रकाराची चित्रं, १६३६ मध्ये बसवलेली, इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने बापाच्या, म्हणजे जेम्स राजाच्या, गौरवासाठी करून घेतलेली. मधल्या चित्रात जेम्स राजा गरुडाच्या पंखावर पाय देऊन थेट स्वर्गात निघालाय, न्यायदेवता त्याला वर नेतेय, मिनर्व्हा ही रोमन देवीपण हजर. थोडक्यात राजा देवानेच नेमलेला, त्याला जाब कोण विचारणार! आणि ३० जानेवारी १६४९ ला याच हॉलमधून चार्ल्सला बाहेर नेलं आणि मुंडकं उडवलं. आता लोक निवांत माना वर करून फोटो काढतात.

म्हणून इथले लोक आपल्यापेक्षा समंजस, असं मला अजिबात वाटत नाही. मिनर्व्हाची तेव्हाही कोणी पूजा करत नव्हतं, सगळ्या उसन्या देवता, भावना दुखावणार कोणाच्या? आपला कृष्ण रोज देवघरात असतो, त्यामुळे इथलं ‘गोष्टच तर आहे, चिल करा’ तिकडे चालणार नाही.

पण देवाला राजकारणात आजकालच्यांनी आणलं हेही खरं नाही हो. मध्य प्रदेशात विदिशाजवळ उदयगिरीला पाचव्या लेण्यातला वराह बघा, गुप्तांच्या काळातला, दोन माणसांपेक्षा उंच, दाताला लटकलेली भूदेवी, पायाशी हात जोडलेला नाग, मागे ऋषींच्या रांगाच्या रांगा. शेजारच्याच लेण्यात गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या मांडलिकाचा शिलालेख. पृथ्वी सोडवणारा देव आणि पृथ्वी जिंकणारा राजा, दोन्ही एकाच शिल्पात वाचायचे, असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि मला ते पटतं.

फक्त तिथे वराहाचं तोंड वराहाचंच आहे. राजाला जे सुचवायचं ते सुचवून झालं, पण देवाच्या धडावर त्याचं डोकं कोणी बसवलं नाही. माझा आक्षेप तेवढाच, भावनाबिवना नंतर. साहेबांनाच उचलून देवांच्यात बसवणारा तो फ्लेक्स उदयगिरीपेक्षा व्हाइटहॉलच्या जास्त जवळचा आहे, आणि मला लंडनवरून टोमणे मारणाऱ्यांनी हे जरा बघावं.