फिरतीचा भत्ता, मार्चची कपात आणि एक फॉरवर्ड

आमच्या सर्व्हिस इंजिनिअरांच्या ग्रुपवर हा मेसेज महिन्याभरात तिसऱ्यांदा आला: ‘फिरतीवरच्या नोकरदारांनो, जागे व्हा! तुमचा भत्ता पूर्ण करमुक्त, तरी कंपनी टीडीएस कापते. नव्या करप्रणालीत तर फिरतीची सूटच गेली. मार्चमध्ये दंड लावतात. परराज्यात काम केलं की प्रोफेशनल टॅक्स लागत नाही. आणि एकदा कापलेला पैसा बुडाला.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी. (टीडीएस म्हणजे पगारातूनच कापला जाणारा इन्कम टॅक्स, प्रोफेशनल टॅक्स म्हणजे नोकरी-धंद्यावरचा राज्याचा कर.) मी चाकणला राहतो, वर्षातले दीडेकशे दिवस कुठल्यातरी साइटवर असतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे.

‘भत्ता पूर्ण करमुक्त.’ नाही. दौऱ्याचा प्रवास, बाहेरगावी राहण्या-जेवणाचा रोजचा भत्ता, कामासाठीची गाडीभाडी यांना सूट आहे, पण प्रत्यक्ष खर्च झाला तेवढीच. उरलेला पैसा पगारच. स्लिपवर ‘कन्व्हेयन्स’ लिहिलंय म्हणून काही होत नाही. घर ते ऑफिस यासाठी महिना १,६०० रुपयांची जुनी सूट होती, ती २०१८-१९ पासून गेली. बिलं लावून व्हाउचरने मिळतात ते पैसे वेगळे. खरी गडबड दरमहा ठरावीक मिळणाऱ्या भत्त्यात होते.

हिशेबच करू. भत्ता सोडून वर्षाचा पगार १२,६०,००० धरा. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ११,८५,००० उरतात. बारा लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. आता महिना ८,००० चा फिरती भत्ता, म्हणजे ९६,०००. एकही बिल दिलं नाही तर उत्पन्न १२,८१,००० होतं, बारा लाख ओलांडतं आणि सेस (करावरचा उपकर) धरून कर ७५,०३६! भत्त्यातले हातात राहिले २० हजार ९६४. तेच ८५,००० चा खर्च दाखवला, तर ११,९६,००० होतात आणि कर पुन्हा शून्य. ग्रुपवर हे टाकलं तेव्हा अर्ध्या जणांना पटेना, कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

‘नव्या प्रणालीत फिरतीची सूट गेली.’ अर्धवट ऐकलेलं. घरभाडं भत्त्याची सूट आणि रजा-प्रवास सवलत (एलटीए) गेली, हे खरं. दौरा, बदली, दौऱ्यावरचा दैनिक भत्ता आणि ऑफिसच्या कामाचा प्रवास यांची सूट नव्या प्रणालीतही आहे.

‘मार्चमध्ये दंड.’ हा समज माझाही होता, पण तो दंड नसतो. कंपनी एप्रिलमध्ये वर्षाच्या पगाराचा अंदाज बांधते, त्यावरचा कर महिन्यांत वाटून कापते आणि कमी पडला तर शेवटच्या महिन्यांत भरून काढते. एका वर्षी माझ्या हॉटेलांच्या पावत्या उन्हात उभ्या गाडीतल्या बॅगेत राहिल्या. थर्मल कागद तो, उष्णतेने छपाई उडते. जानेवारीत अकाउंट्सला द्यायला काढल्या तर साफ कोऱ्या. खर्च केला होता, पण दाखवायचा कसा? मार्चचा पगार बघून बायकोने विचारलं, ‘अहो, नोकरी आहे ना?’ तेव्हापासून पावती हातात पडली की आधी फोटो.

‘परराज्यात प्रोफेशनल टॅक्स नाही.’ पंधरा दिवस हरियाणात मशीन बसवलं म्हणून काही माफ होत नाही. तिथे हा कर नाही, पण माझी नोकरी पुण्याच्या ऑफिसातली, पगारही तिथूनच, म्हणून कपात महाराष्ट्राची: अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून २,५००. यापेक्षा जास्त घेता येणार नाही, अशी मर्यादा घटनेतच आहे. इन्कम टॅक्स तर केंद्राचा, त्याला साइट कुठली याच्याशी देणंघेणं नाही.

‘कापला तो बुडाला.’ तो तुमच्या पॅनवर जमा असतो. बिलं उशिरा सापडली तर रिटर्नमध्ये सूट मागता येते, जास्त कापलेला परत मिळतो. फक्त आधी २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी तक्ता) उघडून पगाराच्या स्लिपशी ताडून बघा. जानेवारी ते मार्चची कपात तिथे मे संपता संपता चढते. त्यानंतरही दिसली नाही, तर मेसेज फॉरवर्ड करण्याऐवजी अकाउंट्सच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं.