विमानाचा ‘वळसा’ हाच जवळचा रस्ता

सध्या एक मेसेज जो तो पुढे ढकलतोय. त्यात नकाशावरचे दोन विमानतळ लाल सरळ रेघेनं जोडलेत आणि विमानाचा खरा मार्ग कमानीसारखा वर गेलेला दाखवलाय. खाली तीन दावे: कंपन्या मुद्दाम वळसा घालून भाडं उकळतात, अंतराला वेगानं भागलं की जाता-येता वेळ सारखाच यायला हवा, आणि पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेचं ठिकाण आपणहून जवळ यायला हवं. शिकलेली माणसंही हे खरं मानून पाठवतात, याचं वाईट वाटतं.

आधी वळशाचं बघू. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. गोल सपाट करताना ध्रुवाकडचा भाग ताणला जातो, आणि फसगत होते ती तिथेच. फिनलंडमधलं हेलसिंकी आणि अमेरिकेच्या अलास्कातलं अँकरेज ही दोन्ही शहरं साधारण 60 अंश उत्तर अक्षांशावर आहेत, पण ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना. नकाशावर आडव्या रेघेनं गेलात तर सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर पडतात, ध्रुवाजवळून गेलात तर साडेसहा हजार. घरात पृथ्वीगोल असेल तर न्यूयॉर्क ते टोकियो दोरा ताणून धरा. सैल सोडू नका. तो आपोआप अलास्काकडे सरकतो. शिवाय इंधनाचा खर्च कंपनीच्याच खिशातून जातो. उगाच वळसा तिला परवडणारच नाही.

खरे वळसे असतात, पण त्यांची कारणं वेगळी. 2022 मध्ये रशियानं युरोपीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला.

आता भागाकार. विमानाचा ताशी 900 किलोमीटर वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वारा ताशी 150 धरला, तर न्यूयॉर्कहून लंडनला जाताना जमिनीवरचा वेग 1,050 होतो आणि परतताना 750. साडेपाच हजार किलोमीटरला एकीकडे सव्वापाच तास, दुसरीकडे सव्वासातहून जास्त. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं विमान वादळी वाऱ्यावर स्वार होऊन 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोचलं होतं. आणि 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे वारा पाठीशी घेऊन पूर्वेकडे नेलं: अंतर सुमारे 1,400 किलोमीटरनं वाढलं, वेळ मात्र दोनेक तासांनी कमी झाला.

राहिला पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा. विषुववृत्तावर उभं असलेलं विमान जमिनीसोबत ताशी 1,670 किलोमीटरनं आधीच फिरत असतं. उड्डाण केल्यावर तो वेग गळून पडत नाही, कारण हवाही पृथ्वीसोबतच फिरते. फिरण्याचा परिणाम दिसतो तो वाऱ्यांमध्ये: उष्ण प्रदेशातून ध्रुवाकडे निघालेली हवा त्यामुळेच पूर्वेकडे वळते. म्हणून जेट स्ट्रीमच्या पट्ट्यात पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला पृथ्वीच्या फिरण्यानं जास्तच वेळ लागतो.