‘उपचार बदलत नाहीत, मग चाचणी कशाला?’

नमस्कार. डोळ्याच्या कर्करोगातल्या जनुकीय चाचणीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे मुख्य आक्षेप दोन. डोळ्याच्या मेलॅनोमात, म्हणजे रंगद्रव्य-पेशींच्या कर्करोगात, गाठीच्या जनुकीय चाचणीने उपचार बदलत नाहीत, रुग्णाच्या मागे धास्ती तेवढी लागते. आणि सुईने गाठ टोचली की रोग पसरतो.

पहिलं अर्धं खरं आहे. प्लाक (डोळ्याला बाहेरून बसवायची किरणोत्सर्गी चकती) लावायचा की डोळा काढायचा, हे गाठीची जाडी, व्यास आणि जागा पाहून ठरतं. पण जीव जातो तो बहुधा यकृतामुळे. जवळपास निम्म्या रुग्णांत रोग पसरतो आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांत यकृत गाठतो. तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत गेली आहे, आठव्याच्या लांब भुजेच्या जादा प्रती आहेत, गाठीला आवर घालणारं बीएपी१ जनुक निकामी आहे, असा रिपोर्ट आला तर दर तीन ते सहा महिन्यांनी यकृत तपासायचं, शक्यतो एमआरआयने. ईआयएफ१एएक्स जनुकात म्युटेशन (बदल) असेल तर तपासण्या विरळ चालतात. एसएफ३बी१ जनुकातलं म्युटेशन मात्र फसवं. पहिली पाच वर्षं शांत जाऊन त्यानंतरही रोग यकृतात निघू शकतो, म्हणून ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हा हिशेब इथे चालत नाही.

सुईचं म्हणाल तर ती २५ किंवा २७ गेजची, म्हणजे अगदी बारीक, आणि नमुना बहुतेकदा प्लाक बसवण्याच्या शस्त्रक्रियेतच, प्लाकच्या आधी घेतात. सुईच्या वाटेने पेशी रुजणं फार दुर्मिळ. डोळ्यात थोडा रक्तस्राव होतो, तो सहसा आपोआप विरतो. खरी पंचाईत वेगळीच: गाठ पातळ असली की पेशी पुरेशा येत नाहीत. दुसरी गोम याहून वाईट. कधी तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत जाते आणि उरलेली स्वतःचीच नक्कल करते. गुणसूत्राच्या प्रती चमकत्या ठिपक्यांनी मोजणाऱ्या फिश चाचणीत दोन ठिपके दिसतात, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो, प्रत्यक्षात धोका मोठाच. दोन्ही प्रती एकसारख्याच आहेत का, हेही दाखवणाऱ्या एसएनपी अ‍ॅरेत हे पकडलं जातं. तेव्हा निकालाइतकीच चाचणीची पद्धतही विचारा.

जीएनएक्यू जनुकाबद्दलची माझ्या लेखातली चूक तुम्ही पकडलीत, ते बरोबर. जीएनएक्यू किंवा जीएनए११ यांपैकी एकातलं म्युटेशन बहुतेक गाठींत असतंच. त्यावरून धोका कळत नाही. मी ते बीएपी१सारख्या धोका सांगणाऱ्या जनुकांच्या ओळीत बसवलं होतं, आता दुरुस्त केलंय. टेबेंटाफस्प या औषधासाठी गाठीची चाचणी लागते, ही गल्लत मात्र तुमच्या बाजूची: पसरलेल्या रोगावरचं, २०२२मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हे औषध द्यायचं का, हे रुग्णाच्या पेशींचा एचएलए प्रकार (प्रतिकारशक्तीला ओळख पटवणाऱ्या प्रथिनांचा प्रकार) ए*०२:०१ आहे का, यावर ठरतं. तो साध्या रक्तचाचणीत कळतो, त्यासाठी गाठ टोचावी लागत नाही.

धास्तीचं काय? नमुना घेण्याआधीच विचारायचं: निकाल ऐकायचा आहे का? काहींना नको असतो. त्यांची यकृत-तपासणी तरीही चालू ठेवता येते.