कान कापण्याची शिक्षा टोचण्याला लावू नका

मावसबहिणीची लेक वेल्समधल्या कार्डिफला शिकते, वय 23. परवा रात्री अकराला बहिणीचा फोन: "अगं, तिला अटक होईल का?" झालं असं की पोरीने स्तनाग्र टोचून घेतलंय, ते सुजलं म्हणून तिने आईला सांगितलं. त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर संदेश आला: ब्रिटनमध्ये असं काही टोचून घेणं आता सरसकट गुन्हा, संमतीला किंमत नाही, डॉक्टर पोलिसांना कळवतात, व्हिसा रद्द, तेव्हा डॉक्टरकडे जाऊ नका.

'सरसकट'? वेल्समध्ये 1 फेब्रुवारी 2018 पासून अशा नाजूक जागा टोचायला बंदी आहे, पण अठराखालच्यांच्या! (यादीत जीभसुद्धा आहे.) ढकलणाऱ्याने नेमका तो शब्द गाळला.

संमतीचं म्हणाल, तर 2018 मध्येच इंग्लंड-वेल्सच्या अपील न्यायालयापुढे वॉल्व्हरहॅम्प्टनचा एक टोचण्या-गोंदण्याचा दुकानदार होता. एका गिऱ्हाइकाचा कान कापला, दुसऱ्याचं स्तनाग्र काढलं, तिसऱ्याची जीभ चिरली, सगळं त्यांच्या संमतीने. कोर्टाने ती संमती बचाव म्हणून मानली नाही. पण टोचणं-गोंदणं वेगळं आणि अवयव कापणं वेगळं, त्यांची तुलना होत नाही, हेही त्याच निकालात आहे. ते कोण वाचणार?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. स्त्रियांच्या जननेंद्रियाच्या विच्छेदनाविरुद्धचा 2003 चा कायदा 'मुलगी' या शब्दात प्रौढ बाईही धरतो आणि तिच्या संमतीने सूट देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिथलं टोचणंही येतं, म्हणून इंग्लंडच्या इस्पितळांत 2015 पासून त्याची नोंद होऊ लागली. कायद्याच्या कलमात मात्र 'टोचणं' हा शब्द नाही. तेवढा गोंधळ खरा आहे, पण तो योनीभागापुरता. स्तनाग्राचा त्याच्याशी काय संबंध?

आणि नोंद म्हणजे पोलीस तक्रार नव्हे. पोलिसांना कळवायची सक्ती आहे ती अठराखालच्या मुलींबाबत. मला संताप आहे तो संदेशातल्या डॉक्टरांविषयीच्या ओळीचा. व्हिसाची भीती मूर्खपणाची, सोडून द्या; पण 'डॉक्टरकडे जाऊ नका' हे वाचून पू झालेली पोरगी खोलीत बसून राहते. आमची बसली. दोन दिवस ताप अंगावर काढला, वर आईने फोनवरून हळदीचा लेप सांगितला.

काल गेली एकदाची. नर्सने जागा पाहिली, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का विचारलं आणि गोळ्या दिल्या.